पडद्यावरचा बाप

नेपाळातल्या तानसेन गावच्या बाजारात ऋषिराम भुसालचं ढाका टोप्यांचं दुकान आहे. पण गेल्या चैत्रापासून तो टोप्या विकत नाही, गिऱ्हाइकांना दर्शन देतो. कारण एवढंच, की एका प्रेमाच्या सिनेमात त्याला नायिकेच्या बापाचं काम मिळालं. काठमांडूहून आलेल्या मंडळींना त्याच्या मिशा आवडल्या होत्या. अभिनय येतो का, हे कुणी विचारलंच नव्हतं. हे आपलं त्याची बायको तुलसा म्हणते, तेही मनातल्या मनात.

सिनेमात मुलगी खालच्या जातीच्या मुलाबरोबर पळून जाते. बाप दार लावून घेतो. शेवटी दशैंच्या दिवशी, म्हणजे थोरांनी धाकट्यांना टिळा लावायच्या नेपाळी दसऱ्याला, दोघांना दारात पाहून विरघळतो, रडतो आणि त्यांच्या कपाळी टिळा लावतो. गावातल्या बायकांनी पदर ओले केले. "बाप असावा तर असा, दाइ!" थोरल्या भावाला हाक मारावी तसं मिठाईवाला म्हणाला, तेव्हा ऋषिरामने नजर खाली वळवली. ही नजर वळवण्याची तालीम तुलसाने आरशासमोर पाहिली होती.

त्याची स्वतःची मुलगी मेनुका तीन वर्षांपूर्वी अशीच गेली होती. बुटवलला मोटारी दुरुस्त करणाऱ्या सुजन विश्वकर्माबरोबर. त्याच्या जातीच्या हातचं पाणी भुसालांच्या घरात चालत नाही. तेव्हापासून तुलसाने मुलीचं नाव काढलं की ऋषिराम जेवणावरून उठायचा. अर्थात, पोट भरल्यावर.

मेनुकाने सिनेमा पाहिला आणि आईला फोन केला. "आमा, बांनी मलाच निरोप दिलाय गं. आम्ही दोघं येतोय दशैंला."

ते बोल दुसऱ्याने लिहिलेले होते, आसवं बाटलीतली होती, हे तुलसाच्या अगदी ओठावर आलं. पण तीन वर्षांत पोरीच्या कपाळाला माहेरचा टिळा लागला नव्हता. हा टिळा मिळाला नाही, तर माहेर उरलंच नाही. "या," ती म्हणाली.

सणाच्या सकाळी ती तांदूळ, दही आणि लाल रंग कालवत होती, तेवढ्यात मुलगी-जावयाला अंगणात बघून ऋषिराम तरातरा आत आला.

"यांना कुणी बोलावलं?"

"तुम्हीच. सिनेमातून."

"अगं, ते काम होतं! नाटकात माणूस राजा होतो, म्हणून काय सिंहासन घरी आणायचं?"

"मग पोरीला तसं सांगा."

"तूच सांग. माझं डोकं चढलंय."

तेवढ्यात शेजारची प्रमिला टिळा घ्यायला आली. अंगणात मेनुका-सुजनला पाहून तिने टाळीच वाजवली. "अगोबाई! सिनेमातल्यासारखंच! दाइ, थांबा हं, मी मोबाइलवर काढते."

ऋषिरामचं डोकं उतरलं. त्याने टोपी नीट केली, बाहेर जाऊन हात पसरले. "ये पोरी, बापाचं दार उघडंच आहे." शब्द सिनेमातलेच. मध्ये थांबायचं तिथे थांबलासुद्धा. मेनुका हमसून रडली. त्याने तिच्या कपाळावर चांगला दाबून टिळा लावला आणि मोबाइलकडे तोंड वळवलं.

मग सुजन वाकला. ऋषिरामची बोटं त्याच्या कपाळापासून वीतभर वरच थांबली आणि तिथूनच त्याने तांदूळ सोडले. चार दाणे चिकटले, बाकीचे सदऱ्यावर सांडले. सिनेमातल्या नायकाचं कपाळ मात्र त्याने दिग्दर्शक 'पुरे' म्हणेपर्यंत दाबलं होतं. ते काम करणारा मुलगा उपाध्याय बामणांचा आहे, हे आधी विचारून घेतलं होतं.

"वा दाइ, वा!" प्रमिला म्हणाली.

सुजन सदऱ्यावरचे दाणे वेचू लागला. मेनुकाचं रडं थांबलं. ती बापाच्या बोटांकडे बघत राहिली.

तुलसाने नवऱ्याच्या हातातलं तबक काढून घेतलं. घरच्या कर्त्याचं होण्याआधी त्या घरात बाईने कुणाला टिळा लावला नव्हता.

"अगं, चालू आहे ते!" ऋषिराम ओठ न हलवता पुटपुटला.

"चालू दे. बाजूला व्हा."

तिने मूठभर तांदूळ घेतले आणि सुजनच्या कपाळावर पाचही बोटांनी थापले. दही त्याच्या नाकावरून ओघळलं. कानामागे जवाचे पिवळे अंकुर खोवले. "औक्षवंत हो, बाबा. आणि आत ये. बाहेर नाही बसायचं, चुलीपाशी बसायचं."

सुजन उंबऱ्याशी अडखळला. मेनुकाने त्याचा हात धरून त्याला आत नेलं.

तुलसा मटण वाढत होती तेव्हा अंगणातून नवऱ्याचा आवाज आला, "प्रमिला, ते शेवटचं तेवढं कापता येतं ना गं?"

"माझ्या मोबाइलला नाही येत, दाइ."

तुलसाने सुजनच्या ताटात आणखी दोन फोडी टाकल्या.