व्याह्यांचं रिव्हॉल्वर

चहा घ्या, टेकून बसा, आणि एक विनंती आहे. हसायचं असेल तर शेवटी हसा. मधेच हसलात तर माझा धीर सुटेल. आयुष्यात मी घोळ पुष्कळ घातलेत हो, पण आपल्या होणाऱ्या व्याह्यांना तोंडावर हावरट ठरवण्याचा पराक्रम एकदाच केला. तोही कशापायी? तर रिव्हॉल्वरपायी!

घाबरू नका, घरात नाहीये. हे सिंगापूर आहे बाबांनो, इथे च्युइंगगम मिळायची मारामार, रिव्हॉल्वर कुठलं?

मी इथे तोआ पायोहला राहतो, एका आयटी कंपनीत मॅनेजर आहे. शुद्ध शाकाहारी. घरात झुरळ निघालं तर कागदावर उचलून बाहेर सोडतो. छंद म्हणाल तर एकच, वस्तू पारखून घेणं. आमच्या घरचा कुकर निवडायला मला दीड वर्ष लागलं. तोवर आमची ही, म्हणजे मृदुला, पातेल्यात भात करत होती. अजून ऐकवते.

तर आमची एकुलती एक लेक गौरी. शिकायला अमेरिकेत गेली आणि मॉन्टाना नावाच्या राज्यात स्थिरावली. तिथे म्हणे माणसं कमी आणि हरणं फार. तिथेच तिने टायलर पसंत केला. मुलगा सोन्यासारखा आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण मुलीचा बाप आहे मी. इतक्या लांब, परक्या घरात, उद्या हिला ताप आला, हिचं काही बिनसलं, तर पाठीशी कोण उभं राहील? मनात घर करून बसलेला प्रश्न होता तो. कुणाला बोलून दाखवला नव्हता इतकंच.

टायलरचे वडील वॉल्टर. मनातल्या मनात मी त्यांना वॉल्टरराव म्हणायचो. उंच, पांढऱ्या मिशा, बोलणं मोजकं. टायलरची आई त्याच्या लहानपणीच गेलेली. लग्न ठरल्यावर एक दिवस वॉल्टररावांचा मेसेज आला. हिरव्या कापडावर शेजारी शेजारी मांडलेली दोन भलीथोरली रिव्हॉल्वरं! खाली इंग्रजीत लिहिलेलं, मी मराठीत सांगतो: 'शिकारीसाठी यातलं कुठलं पसंत कराल? सावकाश सांगा. लग्नाआधी ठरलं म्हणजे झालं.'

त्या भागात काही लोक लांब बंदूक न घेता नुसतं रिव्हॉल्वर घेऊन शिकारीला जातात, हे मला गौरीकडून माहीत होतं. पण ते मला का विचारतायत? मी मृदुलाला फोन दाखवला. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मटकन खुर्चीत बसली.

"अहो, मानपान!"

"कसला मानपान? ते अमेरिकन आहेत."

"मुलाकडचे कुठलेही असोत, मुलाकडचेच! कुंदावन्संच्या लग्नातलं घड्याळ आठवतंय ना?"

कुंदा माझी थोरली बहीण. तिच्या सासऱ्यांनी आमच्या वडिलांना असंच साळसूदपणे विचारलं होतं, "काय हो, या दोन घड्याळांत तुम्हाला कुठलं बरं वाटतं?" आमचे वडील भोळे सांब. म्हणाले, "दोन्ही सुरेख आहेत." झालं! दोन्ही द्यावी लागली.

त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला होता. मुलाकडच्यांनी मत विचारलं तर ती मागणी समजायची. आणि कशाचंही कौतुक करायचं नाही!

"गौरीला विचारू का?" मी म्हटलं.

"मुळीच नाही! संसाराला लागायच्या आधीच सासरची माणसं मनातून उतरायची तिच्या. तुम्हीच काय ते निस्तरा. तुम्हाला पारख आहे ना?"

मी बेत आखला. नाही म्हणायचं नाही, फक्त खोड काढायची. वस्तूच पसंत नाही म्हटल्यावर द्यायचा प्रश्न येतो कुठे? पण खोड काढायची तर अभ्यास हवा, आणि अभ्यास म्हटला की मी कुणाला ऐकतोय!

मृदुलाने फक्त एक अट घातली. "बाहेर तो शब्द उच्चारायचा नाही. कुकर म्हणायचं." त्यामुळे हॉकर सेंटर नावाच्या खाऊगल्लीत कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिता पिता आमचे संवाद असे: "पाच लिटरचा पुरेल का गं एल्कला?" एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ समजा. शेजारच्या टेबलावर एक मराठी कुटुंब होतं. त्यांनी ताटं उचलली आणि लांब जाऊन बसले.

इथल्या मेट्रोत, एमआरटीत, मी इअरफोन लावून व्हिडिओ बघायचो. एक दिवस इअरफोन कानात होते, पण फोनला जोडलेलेच नव्हते. धाडकन बार झाला! अख्खा डबा माझ्याकडे वळला. एका आजीबाईंनी तर पिशवीतली कोबी छातीशी धरली. पुढच्या स्टेशनला मी उतरलो. माझं स्टेशन नव्हतं ते, पण उतरलो.

एवढं मात्र खरं, अभ्यास पक्का झाला. पहिलं होतं चव्वेचाळीस मॅग्नम. हरणाला, रानडुकराला उत्तम. दुसरं चारशे चौपन्न कसूल. ताकद दांडगी, पण बार उडाल्यावर हाताला बसणारा झटकाही तसाच. त्यात पंचेचाळीस कोल्ट नावाची जुनी, सौम्य गोळीही चालते. म्हणजे सरावाला हलकी आणि शिकारीला भारी, एका भांड्यात दोन कामं! खरं सांगतो, क्षणभर माझं मन विरघळलं. पण आवरलं स्वतःला.

मी कळवलं: 'चव्वेचाळीस थोरल्या एल्कला जरा लांबून अपुरं पडेल. चारशे चौपन्नचा झटका फार. एकदा हाताला दचकायची सवय लागली की गोळी सुटायच्या आधीच नेम हलतो.'

वॉल्टररावांचं उत्तर: 'तुम्ही तर जाणकार निघालात! बरं, मग हे?' सोबत फोटो. पाचशे मॅग्नम! केवढं ते धूड! आमच्या देवघरातल्या समईपेक्षा मोठं.

"पाहिलंत? भूक वाढतेय," मृदुला म्हणाली.

मी लिहिलं: 'आपल्या वयाच्या माणसाने याच्या वाटेला जाऊ नये. मनगट कामातून जाईल.'

'बरोबर आहे तुमचं,' एवढंच उत्तर आलं. मग बरेच दिवस काहीच नाही. मी विजयी मुद्रेने घरात हिंडत होतो. आणि एका सकाळी पुन्हा फोटो. या वेळी जुनं चव्वेचाळीस. नळीचा काळा रंग कडेला उडालेला, लाकडी मूठ हाताने घासून घासून गुळगुळीत झालेली. खाली एकच शब्द: 'हे?'

"जुन्या मालावर आले!" मी ओरडलो. "व्याही खाली उतरले गं! आता शेवटचा घाव मीच घालतो."

त्या रविवारी व्हिडिओ कॉल ठरलाच होता. आम्ही दोघं इकडे. तिकडे गौरी, टायलर आणि मधे वॉल्टरराव. नमस्कार-चमत्कार झाले. मी घसा खाकरला आणि उभाच राहिलो. सोफ्यावरून उभा राहिल्यामुळे त्यांना माझं फक्त पोट दिसत होतं, हे मला नंतर कळलं.

"वॉल्टर, माझ्या वडिलांनी बहिणीच्या लग्नात नको ते देऊन पाहिलंय," मी सुरू केलं. "माझी लेक हीच माझी सगळ्यात मोलाची वस्तू. ती मी तुमच्या घरी पाठवतोय. तिच्यासोबत रिव्हॉल्वर येणार नाही! नवं नाही आणि जुनंही नाही. चांदीची भांडी हवी तर देतो. यावर तुम्हाला हे लग्न नको असेल, तर तसं आत्ताच सांगा."

पडद्यावर नुसतं माझं पोट वरखाली होत होतं.

"बाबा," गौरीचा आवाज आला, थेट सिंगापुरी वळणात. "बाबा, खाली बसा. व्हॉट आर यू सेइंग ला? ते तुमच्याकडे मागत नव्हते. ते तुम्हाला *देत* होते!"

मी बसलो. वॉल्टरराव गोंधळून गौरीकडे बघत होते. तिने त्यांना घड्याळाची गोष्ट, मानपान, सगळं समजावून सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचे कान लाल झाले. मग ते हळूहळू बोलायला लागले.

"गौरी म्हणाली होती, तिच्या बाबांना वस्तू स्वतः पारखून घ्यायला आवडते. म्हणून मी तुम्हालाच विचारत होतो. तुम्हाला एकही पसंत पडेना. मग मी विचार केला, हे द्यावं. माझ्या वडिलांनी ते मला दिलं होतं. माझ्याकडे याहून चांगलं काही नाही." त्यांनी कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरला होता, तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्यांचे हात थरथरत होते. "मला आता ते पेलत नाही. पण तुम्ही मला मुलगी देताय. रिकाम्या हाताने कशी घेऊ?"

काय सांगू तुम्हाला! शेजारी मृदुला पदर नाही म्हणून ओढणीने डोळे पुसत होती. महिनाभर मी या माणसाच्या मायेत खोड काढत बसलो होतो. साधीसुधी नव्हे, अभ्यासपूर्ण खोड!

"बाबा, बोला ना काहीतरी," गौरी म्हणाली.

आता अशा वेळी माणूस काय बोलेल? आभार मानेल, क्षमा मागेल. माझ्या तोंडून, देवाशपथ, सवयीने निघून गेलं:

"वॉरंटी किती आहे?"

मृदुलाने कपाळावर हात मारला. टायलर हसून हसून खुर्चीतून घसरला. वॉल्टरराव मात्र हसले नाहीत. त्यांनी नीट विचार केला आणि म्हणाले, "मी आहे तोवर."

रिव्हॉल्वरची असेल ती वॉरंटी. मी माझ्या लेकीची म्हणून घेतली. त्या दिवसापासून मला शांत झोप लागते.

लग्नाला तिकडे गेलो तेव्हा वॉल्टररावांनी आग्रह केला, एकदा तरी चालवून बघा. ते रिव्हॉल्वर राहणार त्यांच्याच तिजोरीत, पण म्हणायचं माझं. परदेशी पाहुण्याने तिथे बंदूक हाती घ्यायची म्हणून रीतसर शिकारीचा परवाना काढावा लागला मला! आयुष्यात अंडं न खाल्लेला परवानाधारक शिकारी. माळावर एक रिकामा डबा ठेवला. मी सगळ्यांना आधी झटक्यावर छोटंसं व्याख्यान दिलं. मग दोन्ही हातांनी मूठ धरली, डोळे गच्च मिटले आणि चाप ओढला.

डबा जागच्या जागी. मी मात्र मागे कोलमडलो, तो थेट वॉल्टररावांच्या अंगावर. ते आधीपासूनच माझ्या पाठीशी उभे होते, हात पसरून. त्यांनी मला सावरलं आणि कानातले बोळे काढून विचारलं, "मग? पसंत आहे?"

"पसंत आहे," मी म्हटलं. या वेळी खोड काढली नाही.

आता तोआ पायोहला परत आलोय. इथल्या मराठी मंडळातले लोक भेटले की कौतुकाने विचारतात, "काय मग, व्याह्यांनी काय दिलं?"

मी छाती फुगवून तोंड उघडतो, एवढ्यात मृदुला मधे पडते.

"कुकर दिला. पण यांना शिट्टीचीच भीती वाटते!"