तक्रार बंद करण्यात आली आहे

खोक्यांच्या कारखान्यात तिला सगळे तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे तोफ. दोन्ही नावं तिला ठाऊक होती, आणि दुसऱ्याचा तिला जास्त अभिमान होता. पुठ्ठा ओला आला की पुरवठादाराला ती अशी झापायची, की यंत्रावरची माणसं काम थांबवून ऐकत बसायची. ऑफिस म्हणजे गोदामाच्या कोपऱ्यातली एक काचेची खोली. तिथे खळीचा वास, टेबलावर पुठ्ठ्याचा भुसा आणि मधोमध बाई.

कारखाना सुरू झाला तेव्हा मालकांकडे ईमेल नव्हता, बाईकडे होता. "तुमचाच द्या की," मालक म्हणाले आणि तिने दिला. पाटीवर, बिलावर, अगदी खोक्यांच्या तळाशीसुद्धा तिचा स्वतःचा पत्ता छापला गेला. शहाण्या माणसाने पुढे कारखान्याला वेगळा काढून दिला असता. हिने नाही दिला. गिऱ्हाइकं आपल्या नावाने लिहितात, याचा केवढा तो तोरा! त्याच खात्यात खोक्यांच्या ऑर्डरी, त्यातच दातांच्या डॉक्टरची वेळ, आणि धाकट्या बहिणीचं काही आलंच तर तेही.

बहिणीचं बरीच वर्षं काही आलं नव्हतं. आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या दारातच बाई तिला म्हणाली होती, "तू काय, पाहुणी. ये आणि जा." बोलायला क्षण लागला. माघार घ्यायला जीभ वळली नाही ती नाहीच.

मग मालकांचे जावईबापू धंदा सांभाळायचं सॉफ्टवेअर घेऊन आले. ऑर्डरी, माल, तक्रारी, सगळं एका पडद्यावर. त्याला आधी ईमेल जोडायचा होता. बाईने पासवर्ड टाकला आणि बजावलं, "फक्त गिऱ्हाइकांचे मेल घ्या हं." तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती कुणावर तरी तुटून पडली. इकडे निवडत कोण बसणार, म्हणून जावईबापूंनी 'सगळे'वर टिचकी मारली. झालं जोडून! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाईनेही.

काही आठवड्यांनी, जेवणाच्या सुट्टीत, जावईबापू पडद्याकडे बघून हसले. "बाई, एक गंमत सांगायची राहिली. तुमच्या बहिणीचा मेल तक्रारींत येऊन पडला होता. खोक्यांबद्दल काही नव्हतं, म्हणून मी बंद करून टाकला."

बाईने हातातला डबा तसाच ठेवला आणि त्यांना खुर्चीवरून उठवलं.

'ताई, चुकलं माझं. आईच्या आजारपणात मी यायला हवं होतं. तुझ्याशी बोलावंसं वाटतं. फोन करू का?'

खाली कारखान्याचं उत्तर होतं, आपोआप गेलेलं, बाईच्याच पत्त्यावरून, शेवटी बाईचंच नाव. 'प्रिय ग्राहक, आपली तक्रार नोंदवली आहे. आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क साधतील.' आणि त्याखाली दुसरं, 'आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.'

"तुम्ही वाचलंत हे?" बाईचा आवाज गोदामाच्या पत्र्यावर आदळला. "माझ्या बहिणीचं माझ्यासाठी लिहिलेलं वाचलंत, हसलात, आणि मला सांगायची तसदीसुद्धा घेतली नाहीत?"

"अहो, सिस्टीमच तशी आहे..."

"सिस्टीमने टिचकी मारली का? तुमच्या बोटाने मारली!"

मालक धावत आले. "शांत व्हा बाई. कारखान्याचा ईमेल आहे, असं व्हायचंच."

"कारखान्याचा?" आता मात्र तिचं माथंच भडकलं. "उसना घेतलेला तवा तुमचा होतो होय? माझं खातं आहे ते!" तिने त्यांच्यादेखत पासवर्ड बदलला. पडद्यावर लाल अक्षरांत आलं, जोडणी तुटली. "नवा पत्ता काढा आणि खोक्यांवर तो छापा. तुमची गिऱ्हाइकं मी तिकडे पाठवते. माझी माणसं माझ्याकडे राहतील."

मग ती मागच्या दाराबाहेर, रद्दी पुठ्ठ्याच्या ढिगाशी आली आणि बहिणीला फोन लावला.

"तुझं उत्तर मिळालं," बहीण म्हणाली. आवाज गार होता. "बंद म्हणालीस ना? मग आता कशाला?"

"ते मी नाही गं लिहिलं! ते सॉफ्टवेअर, तो मेला जावई, त्याने सगळे मेल जोडले, आणि..." बाई बोलत सुटली आणि मध्येच थांबली. जावयाने मेल बंद केला तो आत्ता आत्ता. त्याच्या आधीच्या इतक्या वर्षांत फोन कुणी अडवला होता? आज सकाळपासून पहिल्यांदाच तिला स्वतःचा राग आला, आणि तो सगळ्यांत मोठा होता.

"पाहुणी म्हणाले तुला," ती म्हणाली. "नको होतं म्हणायला. मीच आधी फोन करायला हवा होता."

पलीकडे बहिणीने नाक ओढलं.

"जेवलीस का?"

"नाही जेवले!" बाई ओरडली. हळू बोलली असती तर रडूच फुटलं असतं.