तळ्यावर रीळ नसलेली काठी

अमेरिकेत प्लेनो शहरात आल्यावर पहिलं वर्षभर मी घरातच अडकले होते. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती आणि आमची एकुलती एक गाडी नवरा ऑफिसला न्यायचा. अपार्टमेंटमागच्या तळ्यावर शेजारचे अमेरिकन आजोबा दोरा गुंडाळायचं रीळ नसलेल्या लांब काठीने मासे धरत. एकदा त्यांनी ती माझ्या हातात दिली.

"दोऱ्यावरचं तरंगतं बूच बुडालं की हिसका मारू नकोस, काठी हलकेच उचल," ते इंग्रजीत म्हणाले.

तसं केलं, तर बोटाएवढा मासा वर आला! मी लगेच नवऱ्याला फोन केला.

"मीटिंगमध्ये आहे यार, नंतर बोलू."

मासा पाण्यात सोडून मी आजोबांना विचारलं, "इथून बस कुठे मिळते?"

"या बाजूला बस येत नाही," म्हणत त्यांनी गळाला पुन्हा पावाची गोळी लावली.