पालथा डबा

भाजे गावात यशोधराच्या घरी कुणी पाणी प्यायला थांबलं की त्याची नजर आधी फळीकडं जायची. ताटं, वाट्या, पातेली सगळी आपापल्या जागी चकचकीत, आणि मधोमध एक मोठा कडीचा डबा पालथा घातलेला. त्यावर यशोधराचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. तीन वर्षांत त्या डब्यात तिनं चिमूटभर मीठही भरलं नव्हतं. दर रविवारी मात्र ती तो राखेनं लख्ख घासायची आणि पुन्हा पालथा ठेवायची. राग ताजा ठेवायचा तर त्याला गंज चढू देऊन चालत नाही.

या रागाच्या मुळाशी नूडल्स होत्या.

यशोधराचं घर लेण्यांच्या पायऱ्या सुरू होतात तिथंच. शनिवार-रविवारी ओट्यावर पर्यटकांना पिठलं-भाकरी, बाकीचे दिवस दुसऱ्याच्या वावरात रोजानं. नवरा धोंडिबा रेल्वेत गँगमन होता. निवृत्त झाल्यापासून बायको काय करते त्यावर शेरा मारणं हीच त्याची ड्युटी.

नऊ वर्षांपूर्वी व्हिएतनामचे काही उपासक लेणी बघायला आले. त्यातल्या एका म्हातारीचा पाय पायरीवर मुरगळला. बाकीचे अजिंठा-वेरूळला पुढं गेले आणि ती अकरा दिवस यशोधराच्या घरी राहिली. नाव होतं लान. धोंडिबानं पहिल्याच दिवशी तिचं लताबाई करून टाकलं. दोघी बायकांना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण चूल दोघींनाही कळत होती. म्हातारीनं सोयाबीन भिजवायला लावलं, वाटायला लावलं, फडक्यातून पिळून दूध काढायला लावलं. दूध चुलीवर चढलं, भसाभसा फेस करून वर आलं, तशी यशोधरानं सवयीनं पातेलं उतरवायला हात घातला. म्हातारीनं त्या हातावर सटकन चापट मारली. पाच बोटं दोनदा दाखवली, मग चूल दाखवली. म्हणजे अजून दहा मिनिटं.

यशोधराला ते पटलं नाही. जन्मभर म्हशीचं दूध तापवलेली बाई ती, वर आलं की उतरवायचं. म्हातारी दुपारी झोपलेली बघून तिनं एक घाणा आपल्या पद्धतीनं केला आणि धोंडिबाला खाऊ घातला. त्या संध्याकाळी धोंडिबाला टमरेल खाली ठेवायला सवड मिळाली नाही.

"सोयाबीनचं दूध लबाड असतंय," चौथ्या फेरीनंतर तो भिंतीला टेकून म्हणाला. "उकळल्याचं सोंग करतंय."

एवढा धडा पुरे होता. पुढं यशोधराचा हात असा बसला की विचारू नका. दूध नीट उकळून, लिंबाच्या पाण्यानं फाडून, फडक्यात बांधून ती जात्याच्या तळीखाली दाबायची. टोफूची अशी वडी पडायची की सुरीलाही लाज वाटावी. वड्या तव्यावर तांबूस परतायच्या. कोबी, गाजर, सिमला मिरची उभी चिरून मोठ्या आचेवर दोन मिनिटं हलवायची, कचकच ऱ्हायलीच पाहिजे. कामशेतच्या बाजारातनं आणलेल्या नूडल्स उकडून, तेलाचा हात लावून ताटात पसरायच्या. सगळं एकत्र करताना सोया सॉस, आलं, आणि लताबाईनं कधी स्वप्नातही बघितला नसेल असा हिरव्या मिरचीचा ठेचा. वरनं कांद्याची पात.

लेक पायल इंदुरीच्या अतुलला दिली. अतुल तळेगावात कंपनीत, सासू सरुबाई अंगणवाडीतनं निवृत्त आणि बचत गटाची अध्यक्ष. अध्यक्षपद फक्त गटापुरतं आहे हे सरुबाईंना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

नातीचं, सृष्टीचं, बारसं इंदुरीला झालं. यशोधरा पहाटे उठून कडीचा डबा भरून नूडल्स घेऊन गेली. सरुबाईंनी झाकण उघडून बघितलं, वड्यांना बोट लावलं आणि डबा आत ठेवून दिला. पंगत उठली तरी तो बाहेर आला नाही. निघताना मात्र त्यांनी तो स्वतः आणून यशोधराच्या हातात दिला. पाठीमागं बचत गटाच्या बारा बायका उभ्या.

"जड हाय हां इनबाई, सांभाळून न्या," सरुबाई म्हणाल्या. "रिकामा डबा आमी कुणाला देत न्हाई."

बायका हसल्या. यशोधराही हसली. तिला वाटलं, बुंदीचे लाडू असतील. रिक्षात सारा वेळ तिनं तो मांडीवर धरला होता. घरी येऊन धोंडिबाला बोलावलं, कडी काढली. आत तिच्याच नूडल्स होत्या. वर एकही वडी उचललेली नाही. बायका का हसल्या ते तिला तेव्हा कळलं, दोन तास उशिरा.

नूडल्स कोंबड्यांना घातल्या. कोंबड्यांनी फडशा पाडला. "बघ, कोंबड्यांस्नी कळती चव," धोंडिबा म्हणाला, पण यशोधरा ऐकत नव्हती. तिनं डबा घासला, फळीवर पालथा घातला आणि म्हणाली, "ही बाई सोताच्या तोंडानं माझ्याकडं मागत न्हाई, तवर इंदुरीच्या उंबऱ्याला माझा पाय लागायचा न्हाई. पानीसुदिक न्हाई घ्यायची तितलं."

धोंडिबाला वाटलं, आठ दिवस टिकेल. तीन वर्षं टिकलं. नातीचे तीन वाढदिवस झाले, पायलला टायफॉइड झाला, यशोधरा गेली नाही. पायलला भाज्याला आणून निजवली, पण गेली नाही. नात शनिवारी-रविवारी इकडं यायची म्हणून निभत होतं.

आणि ती नुसती बसून नव्हती. दर शनिवारी नूडल्स व्हायच्या. नातीनं खाल्ल्या, जावयानं खाल्ल्या, जावयाच्या मित्रांनी लेणी बघायच्या निमित्तानं येऊन खाल्ल्या. पण इंदुरीला एक शीत धाडलं नाही. पायल डबा घेऊन आली तर तो धुऊन, त्यात गूळ-शेंगदाणे घालून परत. लग्नाआधी पायल हॉस्टेलवर, त्यामुळं तिला ही कृती ठाऊक नव्हती, आणि आता स्वयंपाक करताना यशोधरा तिलाही आत घेत नव्हती. चव भाज्यात ठेवायची आणि वास तेवढा इंदुरीला जाऊ द्यायचा, असा तिचा बेत.

बेत लागू पडला. सृष्टी इंदुरीला ताटावर बसली की म्हणायची, "भाज्याच्या आजीच्या लांब शेवया पायजेत." सरुबाईंनी साध्या शेवया केल्या. पोरगी म्हणाली, "ह्या बुटक्या हायेत." पुढं अतुल एकदा आईसमोर बोलून गेला की सासूबाईंच्या हाताला तोड नाही. त्या आठवड्यात सरुबाईंनी त्याच्याकडं मीठसुद्धा मागितलं नाही.

अडचण एकच होती. येत्या जूनमध्ये सृष्टीची शाळा सुरू होणार होती, आणि शनिवारीही शाळा. एका रविवारासाठी पोरीला एवढ्या लांब कोण आणणार? नातीला बघायचं तर इंदुरीला जावं लागणार. इंदुरीला जायचं तर शपथ फिटायला हवी. शपथ फिटायची तर सरुबाईंनी तोंड उघडायला हवं. मे महिना लागला तरी ते तोंड मिटलेलंच.

बुद्धपौर्णिमेच्या चार दिवस आधी पायलचा फोन आला. "आई, वंदना झाल्यावर सासूबाईंच्या गटाच्या बायका जेवायला हायेत. त्या म्हणतात, दरवर्षी खीर असतीच, औंदा परदेशातले उपासक खातात तसलं करू. टोफू कसा करायचा तेवढं सांग."

पायलच्या मागं कुणीतरी खोकलं. तो खोकला यशोधरानं ओळखला.

"इनबाईंना दे फोन. त्यांना सांगते."

"त्या कामात हायेत."

पुन्हा खोकला, या वेळी जरा जवळून. यशोधरा थोडं थांबली. तोंडानं मागायला अजून एक संधी दिली, म्हणा ना. पलीकडं कुणी फोन घेतला नाही.

"मग लिहून घे," ती म्हणाली. सोयाबीन रात्रभर भिजव, सालं काढ, किती पाणी, कसं वाटायचं, कसं पिळायचं, लिंबू किती, दाबायचं किती वेळ. सगळं अगदी बारकाईनं. जात्याच्या तळीसकट.

"आणि दूध कसं तापवायचं?"

"दुधासारखं," यशोधरा म्हणाली. "तुज्या सासूला काय शिकवायचं त्यात. म्हशी पाळल्यात त्यांनी."

फोन ठेवला तेव्हा धोंडिबा खाटेवरनं तिच्याकडं बघत होता. घरात हे दूध ओळखणारी माणसं दोनच, आणि त्यातला तो एक.

"पौर्णिमेला पंचशील घेशील. चवथं शील काय?"

"खोटं बोलू नये. एक शबुद खोटा बोलले का मी, दाखवा."

धोंडिबानं तिचं फोनवरचं बोलणं बोटांवर मोजून बघितलं आणि बोटं मिटली.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच पायलचा फोन. बारा बायका जेवल्या, वाहवा केली, आणि संध्याकाळपर्यंत इंदुरीतल्या त्या आळीत बादल्या कमी पडल्या. आता सगळ्या ताकभात खाऊन बऱ्या आहेत. सरुबाई मात्र बोलत नाहीत.

"तू खाल्लंस?"

"वाढता वाढता संपलं."

"आन् सृष्टी?" हे विचारताना यशोधराचा हात खाटेच्या कडेला गेला. नातीचा विचार तिनं केलाच नव्हता. सूड घेताना माणूस बारा मोजतो, तेरावं ताट विसरतो.

"तिनं एक घास तोंडात घेतला आन् थुकला. म्हणली, ह्या भाज्याच्या आजीच्या न्हाईत, कच्च्या शेंगांचा वास येतोय."

यशोधरानं श्वास सोडला. मग फोन ठेवून ती इतकी हसली की ओट्यावरचं गिऱ्हाईक भाकरी हातात धरून बघत राहिलं.

पुढच्या शनिवारी, दुपारी, सरुबाई आल्या. एकट्या. हातात त्यांच्या नावाचा कडीचा डबा. इंदुरीत त्यांना आता किराणा आणायला जाणं मुश्कील झालं होतं, बायका दुकानातच विचारायच्या, "अध्यक्षबाई, पुढच्या पौर्णिमेला काय बेत? आमी टमरेल घेऊनच येतो."

"जय भीम, इनबाई."

"जय भीम. बसा. पानी घ्या."

सरुबाईंनी पाणी घेतलं. फळीवरचा पालथा डबा बघितला, त्यावरचं नाव वाचलं, नजर काढून घेतली. बराच वेळ उन्हाळ्यावर बोलणं झालं. यशोधरानं मदत केली नाही. शेवटी सरुबाई पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "त्या तुमच्या नूडल्स... शिकवा."

"कुणाला? पायलला?"

"मला."

"मंग या आत."

सोयाबीन भिजलेलं होतंच, शनिवार होता. यशोधरानं पाटा पुढं सरकवला. मिक्सर कोपऱ्यात होता, पण तो तिनं दाखवला नाही. सरुबाईंनी वाटलं, पिळलं. कपाळावरनं घाम वाटणात पडू नये म्हणून मान तिरकी धरून वाटलं. यशोधरा शेजारी पाय पसरून गाजर चिरत बसली. दूध चढलं. फेस धरून भसकन वर आलं, तसा सरुबाईंचा हात पातेल्याकडं गेला. यशोधरानं त्यांचं मनगट धरलं.

"थांबा. हे खोटं उकळणं हाय. खरं अजून दहा मिंटानं. आच कमी करा, हलवत ऱ्हावा."

सरुबाई फेसाकडं बघत राहिल्या. मग यशोधराकडं.

"हे तुमाला ठावं होतं."

"व्हय."

"फोनवर सांगितलं न्हाई."

"तुमी तरी सांगितलतं का, डब्यात काय हाय ते?"

चुलीवर दूध घुसमटत होतं. धोंडिबा बाहेर खाटेवर खोकला, कुणाच्या बाजूनं ते कळलं नाही. सरुबाईंनी पळी उचलली आणि हलवायला लागल्या. दहा मिनिटं पळी थांबली नाही.

ताट वाढलं तेव्हा चार वाजले होते. सरुबाईंनी आधी वडी चेपून बघितली, मग खाल्ली. दुसरी खाल्ली. कोबी दाताखाली वाजला. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं आणि पुन्हा खायला लागल्या. ताट स्वच्छ झालं. यशोधरा पळी हातात धरून तशीच बसून राहिली. वाढते म्हणाली नाही, पुरे का विचारलं नाही. नूडल्सचं पातेलं दोघींच्या मधोमध, वाफा काढत.

सरुबाईंनी पातेल्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, शेवटी ताट पुढं केलं.

"आजून वाढा जरा."

"काय म्हणलात?"

"आजून वाढा म्हणले, इनबाई. माझ्या तोंडानं म्हणले. झालं?"

"निम्मं," यशोधरा म्हणाली आणि ताट शिगोशीग भरलं.

निघताना तिनं सरुबाईंचा डबा आत नेला, भरला, कडी लावली आणि दारात आणून दिला. सरुबाईंचा हात खाली गेला, इतका जड.

"सांभाळून न्या," यशोधरा म्हणाली. "रिकामा डबा आमी कुणाला देत न्हाई."

सरुबाई पायरी उतरल्या, दहा पावलं चालल्या, आणि रिक्षापर्यंत काही त्यांना धीर धरवला नाही. रस्त्याच्या कडेला डबा दगडावर ठेवून त्यांनी कडी काढली. यशोधरा चौकटीला टेकून बघत होती. हे दहा पावलांचं भ्यालेलं चालणं ती तीन वर्षं मनात बघत आली होती. प्रत्यक्षात ते जास्त गोड निघालं.

डब्यात गळ्यापर्यंत कोरडं सोयाबीन होतं.

"पुढल्या शनिवारी भिजत घाला," यशोधरानं दारातूनच सांगितलं. "रविवारी मी येतीय इंदुरीला. त्या बारा जणींना बोलवा. वाटायचं तुमी, तापवायचं तुमी. मी खुर्चीवर बसून खाईन. आन् कुणाकडनं शिकला ते वाढताना सांगा. न्हाईतर मीच सांगीन, डब्यापासनं सगळं."

सरुबाईंनी कडी लावली. डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"खुर्ची कुटं ठेवू?" त्यांनी विचारलं.

"मधोमध."

त्या गेल्या. धोंडिबा खाटेवरनं उठून आत आला. पातेल्यात उरलेल्या नूडल्स त्यानं बोटानं उचलल्या, फळीकडं बघितलं.

"मागून खाल्लं तिनं. शपथ फिटली. आता तरी सरळ कर तो डबा."

यशोधरानं डबा खाली घेतला, राखेनं घासला, पुसला, आणि होता तिथंच पालथा ठेवला.

"रविवारी," ती म्हणाली. "आजून बारा जणी बाकी हायेत."