पाणी काठाखाली

मंगळवारी वडील वारले. त्या दिवशी मी सांगलीला कॉलेजात होतो.

कोरेगावजवळच्या आमच्या विहिरीत ते दर बाजाराच्या दिवशी गाठी मारलेला दोर सोडायचे आणि काठापासून पाणी किती हात खाली आहे ते वहीत लिहायचे. सगळ्या रानातला ऊस ही विहीर पोसणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दिवसकार्य झाल्यावर धाकट्या काकांनी सगळ्या रानात ऊस लावायचं ठरवलं. वह्या त्यांनी उघडल्याच नाहीत. वडिलांचं म्हणणं आता मीच दाखवू शकत होतो.

कॉलेजात नुकतंच प्रोग्रॅमिंग शिकवू लागले होते. कॉम्प्युटर पुण्यात. आम्ही कार्डांना भोकं पाडायची, गठ्ठा एस.टी.नं जायचा आणि आठवड्यानं छापलेला लांब कागद यायचा. वडिलांच्या वहीतल्या आकड्यांचं चित्र फुल्याफुल्यांनी छापून घ्यायचं मी ठरवलं. मधले दिवस नुसते तरंगत जायचे. कृष्णेच्या घाटावर बसलो की पाण्यावर फुल्यांच्या ओळी हलताना दिसत, आणि त्यांच्या पलीकडे वडील सावकाश दोर ओढत असत.

पहिला कागद आला, तो घेऊन घरी गेलो. दर आठवड्याला एक ओळ. पाणी जितके हात खाली, तितक्या फुल्या.

"ह्या लांब वळी कशाच्या रं?" काकांनी विचारलं.

"वैशाखाच्या."

"वैशाखात एवढं पाणी? मग लावू की समद्या रानात ऊस."

"आवं काका, ते पाणी न्हाई. पाणी किती खाली गेलंय, ते हाय."

"म्हंजे जास्त काढलंस ते कमी व्हय? लय शिकलास गड्या."

आई दारातून म्हणाली, "मला बी तसंच वाटलं."

परतताना गाडीत उमगलं. आकडे मला पाठ होते, म्हणून चित्र मला कळत होतं. बघणाऱ्याला त्यात विहीर दिसत नव्हती.

छपाई वरून खाली, ओळीमागून ओळ होते. म्हणून आधी सगळं चित्र कॉम्प्युटरच्या स्मृतीत रचायचं आणि मग छापायचं, हे शिकलो. आता दर आठवड्याची एक उभी पट्टी, आणि सर्वांत वरची ओळ म्हणजे काठ. त्याखाली कोरी जागा, आणि पाण्यापासून तळापर्यंत फुल्या. आडव्या-उभ्या रेघा, आकडे, सगळं काढून टाकलं. दोनदा कार्डांचा क्रम चुकला आणि पंधरा दिवस गेले. उसाची लागण जवळ येत होती. शेवटी आलेल्या कागदावर महिन्यांची नावं मी मराठीत, हातानं लिहिली.

काकांनी काठावर बोट ठेवलं. चैत्रात ते खाली उतरलं, वैशाखात तळाशी टेकलं.

"दादा हे दर वर्साला बघायचा?"

"दर आठवड्याला."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली. मग म्हणाले, "अर्ध्यातच लावू."

आता काका नाहीत, आईही नाही. उरलेल्या अर्ध्या रानात अजून कमी पाण्यावरचा शाळू होतो.