पिंकीच्या वाट्याचं अंडं

आमच्या दवाखान्यात औषधं संपायची, किस्से कधी संपले नाहीत. अहेरीकडच्या रस्त्याला, जंगलाच्या कडेला दोन खोल्या आणि एक व्हरांडा. मी तिथला कंपाउंडर. खोकल्याच्या औषधात पाणी आणि किश्श्यात मसाला, दोन्ही माझ्याच हातचं! पण खालच्या किश्श्यांत मसाला जरा कमीच पडलाय.

*

नव्या डॉक्टर मॅडम पुण्याच्या. वजन न भरणाऱ्या पोरांना रोज एक अंडं द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. सुमन ही तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातली. तिची पिंकी दोन वर्षांची, पण उचलली तर कोंबडीएवढी. अंडी जात राहिली, काटा काही हलेना.

"सुमन, पिंकीला अंडी खायला घालतेस ना?"

"नाई मॅडम, कोंबडीखाली ठेवलो. अंडं एका दिवसात सरते, कोंबडी वर्षभर पुरते!"

हिशोब अगदी बरोबर होता. पिंकीकडे तेवढं वर्ष नव्हतं, एवढंच.

*

अंडी उकडून दिली, तर बाया ती पदरात बांधून घरच्या मोठ्या पोरांसाठी नेऊ लागल्या. मग मॅडमनी तोड काढली. अंडी फेटायची, त्यात कोहळं, टमाटर आणि शेवग्याचा पाला घालायचा, थेंबभर तेलात भाजायचं आणि इथेच बसवून खाऊ घालायचं.

पण वरून-खालून भाजायला भट्टी कुठून आणायची? आमच्या स्वयंपाकीण गिरजाबाईंनी सगळं जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ओतलं, खाली चूल पेटवली, वर झाकणावर निखारे रचले. पहिल्या दिवशी जे निघालं, ते हुंगून दवाखान्याचा कुत्रा जंगलात पळाला. खोटं नाही सांगत, पावसाळा सरेपर्यंत फिरकला नाही!

गिरजाबाई म्हणाल्या, "मॅडम, हे खाऊन जे पोरगं जगलं, ते मंग कशानंच मरत नाई!"

सगळे हसलो. सुमन तेवढी हसली नाही.

*

हात बसला तशी गंजातून पिवळीधम्मक, फुगलेली वडी निघू लागली. मॅडम तिला केक म्हणायच्या.

"केक? मंग बड्डे कोणाचा हाय?" एका बाईनं विचारलं.

पोरांच्या तारखा कुणालाच ठाऊक नव्हत्या. गिरजाबाईंनी तोडगा काढला, "आज जो उठून बसला, त्याचा!"

पिंकी बसली नाही. घास तोंडात धरून ठेवायची, गिळायची नाही. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गिळायला लागली, तर वाचेल."

*

तपासणीला जिल्ह्याहून एक साहेब आले. त्यांनी चव घेतली. मग आणखी थोडी चव घेतली. "व्हेरी हेल्दी!" म्हणत म्हणत गंज कोरडा केला. पोरं समोर रांगेत, वाट्या पुढे करून बसलेली.

गिरजाबाईंनी वजनकाटा पुढे सरकवला. "या साहेब, चढा. कोणाचं तरी वजन वाढलेलं दिसू द्या!"

त्या दिवशी पोरांना वरणाचं पाणी.

*

त्यानंतर एका सकाळी पिंकीनं घास गिळला. मग दुसराही.

"गिळली! भाऊ, गिळली!" सुमन एवढ्यानं ओरडली, की व्हरांड्यातले पेशंट उठून आत आले. मॅडमनी तर टाळ्या वाजवल्या!

त्याच आठवड्यात ताप चढला आणि पिंकी गेली.

त्यांच्याकडे रिवाज असा, की गेलेल्याला आवडायचं ते तिसऱ्या दिवशी पुरल्या जागी ठेवायचं. त्याला जित्या माणसानं हात लावायचा नाही. सुमननं वडीच मागितली. गिरजाबाईंनी भाजली, मॅडम आणि मी घेऊन गेलो. सुमननं ती पळसाच्या पानावर ठेवली. सगळे मागे सरले.

तेवढ्यात शेजारणीची लहानगी रांगत पुढे गेली आणि दोन्ही मुठींनी वडी तोंडात कोंबू लागली.

"अवं, धर तिले! मेलेल्याचं हाय ते!" बायांचा एकच कालवा.

शेजारीण धावली, पोरीच्या तोंडात बोट घालून घास काढू लागली. सुमननं तिचा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "इले गिळता येते."