आबांचा तळहात

नातू टेबलावरच्या स्पीकरचा किट जोडत होता. तारांना डाख देताना राळेचा धूर नाकात शिरला आणि मी थेट पन्नास वर्षांपूर्वीच्या धुळ्यात, नव्या संसारात पोचले.

ह्यांनी मुंबईहून स्पीकरचा किट मागवला होता. पेटीला फळी मिळेना, म्हणून मी माझा कोरा माठच पुढे केला. गेरूने रंगवला, तोंडावर स्पीकर बसवला, रेडिओला तारा जोडल्या. माठ असा काही घुमला, की आम्ही दोघं नाचलोच!

सासरे, आबा, ठार बहिरे. आमचा नाच पाहून आले, माठाच्या पोटावर तळहात ठेवला आणि आनंदाने अहिराणीत ओरडले, “वाजी ऱ्हायना! वाजी ऱ्हायना!” वाजतोय, वाजतोय!

“आजी, ऐकू येतंय?” नातवाने स्पीकर लावून माझ्या कानाशी येऊन मोठ्याने विचारलं.

मी स्पीकरवर तळहात ठेवला. “वाजी ऱ्हायना!”